अगामेम्नॉनचं थडगं आणि किकलीचे वीरगळ

हातात मशाल. समोर मिट्ट काळोख. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, छत इतकं बुटकं की वाकून चालावं लागतंय. पुढं पाऊल टाकावं, तर जमिनीतून अणकुचीदार भाले सपकन वर येतात. डावीकडच्या बोळात साप वळवळतायत. उजवीकडची भिंत पोकळ वाटते म्हणून एक घाव घातला, तर ती धाडकन कोसळते आणि पलीकडं आणखी एक दालन!

ओळखलंत ना? ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ हा व्हिडीओ गेम. युबीसॉफ्ट या कंपनीनं तो २०१८ साली बाजारात आणला. खेळाची कथा घडते प्राचीन ग्रीसमध्ये, इ.स.पू. ४३१ या सुमाराला. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यात मोठं युद्ध जुंपलेलं आहे आणि त्या धामधुमीत आपला खेळाडू डोंगर, बेटं, मंदिरं पालथी घालत हिंडतो. वाटेत त्याला जुनी थडगी लागतात. त्यांतलं एक आहे अगामेम्नॉन राजाचं.

आता मला सांगा पाहू, या थडग्यांच्या अगदी आतल्या दालनात काय असतं? तुम्ही म्हणाल, “सोनं!” पेटाऱ्यांत नाणीबिणी सापडतात, हे खरं. पण मुख्य बक्षीस ते नव्हेच. तिथं असतो एक उभा, कोरीव दगड. त्याच्यापाशी पोचलं की खेळाडूला एक नवं कौशल्य शिकायची संधी मिळते. अशा उभ्या दगडाला ग्रीक भाषेत म्हणतात ‘स्टेली’.

गंमत बघा. एवढे साप, एवढे भाले चुकवून शेवटी हाती काय आलं, तर एक दगड! आणि आणखी मोठी गंमत म्हणजे असे दगड बघायला ग्रीसला जायची गरज नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत ते मारुतीच्या देवळाशेजारी, पारापाशी, नाहीतर ओढ्याकाठी उभे आहेत. आज आपण या दगडाचाच माग काढू या. आधी जाऊ ग्रीसला, आणि मग येऊ आपल्या कृष्णाकाठी.

खरं थडगं कसं होतं?

ग्रीसच्या दक्षिण भागात मायसीनी नावाचं फार जुनं ठिकाण आहे. होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्यात ट्रॉयवर चाल करून जाणाऱ्या सैन्याचा मुख्य राजा अगामेम्नॉन. तो या मायसीनीचा. तिथं टेकडीच्या पोटात बांधलेलं एक प्रचंड थडगं आजही उभं आहे. कुणी त्याला ‘अगामेम्नॉनचं थडगं’ म्हणतात, कुणी ‘अट्रियसचा खजिना’. ते साधारण इ.स.पू. १३०० ते १२५० या काळात बांधलं गेलं.

इथं जरा थांबा आणि वजाबाकी करा. खेळातली गोष्ट इ.स.पू. ४३१ मधली, आणि थडगं इ.स.पू. १२५० च्याही आधीचं. म्हणजे खेळातल्या माणसांनासुद्धा ते थडगं आठशे वर्षांहून जुनं! आपल्यापासून देवगिरीचे यादव जितके लांब, तितकंच त्यांच्यापासून हे थडगं लांब. आपण ज्यांना ‘प्राचीन’ म्हणतो, त्यांचंही एक प्राचीन होतंच की! हा यादवांचा काळ लक्षात ठेवा बरं का, तो पुढं पुन्हा येणार आहे.

आता थडग्यात शिरू. आधी लागते दोन्ही बाजूंना दगडी भिंती असलेली, वरून उघडी अशी एक लांब वाट. तिची लांबी सुमारे ३६ मीटर. मग उंच दरवाजा. दरवाज्याच्या माथ्यावर जी आतली मोठी शिळा आडवी ठेवलीय, तिचं वजन सुमारे १२० टन असावं असा अंदाज आहे. दहा टन ऊस भरलेले बारा ट्रक डोळ्यांसमोर आणा. तेवढा भार एका दगडाचा! क्रेन नव्हती, डिझेल नव्हतं. होते ते दोर, ओंडके, उतार, बैल आणि माणसं.

दरवाज्यातून आत गेलं की गोल दालन. त्याची रुंदी साडेचौदा मीटर आणि उंची तेराएक मीटर, म्हणजे जवळजवळ चार मजले. मधे एकही खांब नाही. आतून ते मधमाश्यांच्या जुन्या पद्धतीच्या पोळ्यासारखं, वर निमुळतं होत गेलेलं दिसतं. हे कसं जमलं? घरी करून बघा. कॅरमच्या सोंगट्या घ्या आणि एकीला एक चिकटवून वर्तुळ मांडा. त्यावर दुसरं वर्तुळ मांडताना प्रत्येक सोंगटी अगदी थोडी आत सरकवा. त्यावर तिसरं, आणखी थोडं आत. वर्तुळ लहान लहान होत जातं. प्रत्येक वर्तुळातल्या सोंगट्या एकमेकींना दाबून धरतात, म्हणून त्या आत पडत नाहीत. मायसीनीच्या गवंड्यांनी दगडांचे थर असेच आत आत सरकवत नेले आणि बाहेरून मातीचा भराव घातला. त्या भारानं थर आणखी घट्ट बसले. पुढं हजार वर्षांहून अधिक काळ एवढा मोठा, बिनखांबी घुमट दुसरा झाला नाही.

बरं, मग भाले कुठायत? साप कुठायत? मित्रांनो, खऱ्या थडग्यात भाले-बिले नव्हते. अंत्यविधी झाला की दार दगडांनी चिणून टाकायचे आणि बाहेरच्या वाटेत माती भरायचे. हाच त्यांचा पहारा. पण तो पुरला नाही. आतल्या मौल्यवान वस्तू फार पूर्वीच चोरांनी नेल्या. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस नावाचा प्रवासी तिथं गेला, तेव्हा लोक या जागांना राजाची खजिन्याची तळघरं समजत होते. ही माणसांना निरोप द्यायची जागा आहे, हेच विसरलं गेलं होतं. सोन्याबरोबर आठवणही चोरीला गेली म्हणा ना!

एक घाईचा, एक धीराचा

मायसीनीला १८७६ साली हाइनरिख श्लीमान नावाचा एक हौशी जर्मन माणूस आला. होमरचं काव्य त्यानं ध्यानीमनी घेतलेलं. त्यानं गडाच्या तटाच्या आत खणायला सुरुवात केली आणि खरोखर राजघराण्यातली थडगी सापडली, न लुटलेली! मृतांच्या चेहऱ्यावर सोन्याचे मुखवटे होते. त्यांतला एक मुखवटा आजही ‘अगामेम्नॉनचा मुखवटा’ म्हणून जगभर ओळखला जातो. पण पुढं अभ्यास झाला तेव्हा कळलं, की तो इ.स.पू. १५५० ते १५०० च्या सुमाराचा आहे. ट्रॉयची लढाई झालीच असेल तर ती इ.स.पू. १२०० च्या आसपासची धरतात. म्हणजे मुखवटा अगामेम्नॉनच्याही तीनेकशे वर्षं आधीचा. कुणा दुसऱ्याच राजाचा!

श्लीमाननं याआधी ट्रॉय शोधायला गेल्यावर तर भलतंच केलं होतं. तिथं एकावर एक अशी अनेक गावं वसून गाडली गेली होती, भाकरीवर भाकरी ठेवावी तशी. सगळ्यात महत्त्वाचं ते अगदी खाली असणार, असं धरून त्यानं मधोमध मोठा चर खणला. ज्या काळाचं ट्रॉय त्याला हवं होतं, त्याचे थर वरच होते. ते खणून फेकले गेले आणि तो खाली गेला त्याच्या हजार वर्षं मागच्या गावात.

आता दुसऱ्याची गोष्ट ऐका. ग्रीसच्या उत्तरेला व्हर्जिना नावाचं गाव आहे. तिथं मातीचा एक मोठा ढिगारा होता, ११० मीटर रुंद आणि १२ मीटर उंच. मानोलिस आंद्रोनिकोस या प्राध्यापकांनी त्या परिसरात वर्षानुवर्षं काम केलं. घाई नाही, गडबड नाही. ८ नोव्हेंबर १९७७ या दिवशी त्यांनी एका थडग्याच्या कमानी छतातला एक दगड बाजूला केला आणि आत डोकावून पाहिलं. कुणाचाही हात न लागलेलं राजाचं थडगं! चांदीची भांडी, शस्त्रं, हस्तिदंतात कोरलेली इवलीशी डोकी, आणि सोन्याच्या पेटीत राजाच्या अस्थी. आंद्रोनिकोस यांच्या मते तो राजा म्हणजे दुसरा फिलिप, सिकंदराचा बाप.

काही अभ्यासक म्हणतात, तो फिलिप नव्हे, सिकंदराचा सावत्र भाऊ असावा. हा वाद अजून मिटलेला नाही. पण वाद घालता येतो, तो का? कारण तिथली प्रत्येक वस्तू कुठं होती, कशाशेजारी होती, कशी पडली होती, याची नोंद आहे. एखादा अपघात झाला की पोलीस काय करतात? आधी पंचनामा. गाडी कुठं, काच कुठं, चाकाची खूण कुठं, सगळं लिहून घेतात आणि तोवर कुणाला हात लावू देत नाहीत. थडग्याचंही तसंच. वस्तू हलली की तिची निम्मी गोष्ट पुसली. चोरानं विकलेली सोन्याची पेटी ही फक्त पेटी उरते; जागच्या जागी सापडलेली पेटी बोलते.

म्हणूनच व्हर्जिनाला ढिगाऱ्याच्या पोटातच संग्रहालय केलं. १९९७ साली ते लोकांसाठी उघडलं. आजही बाहेरून टेकाड दिसतं आणि आत शिरलं की राजाचं थडगं.

चला किकलीला

आता तो उभा दगड. मायसीनीला श्लीमानला सापडलेल्या थडग्यांवर खरोखरच कोरीव स्टेली उभ्या होत्या. त्यांतल्या काहींवर रथ हाकणारा माणूस कोरला आहे. लिहिलेलं काही नाही, नुसतं चित्र. खाली कोण निजलाय, त्यानं काय केलं, ते चित्रानंच सांगायचं.

आपल्याकडं अशा दगडाला म्हणतात ‘वीरगळ’. वीर म्हणजे कोण ते तुम्हांला ठाऊकच आहे. मग ‘गळ’ म्हणजे? मासे धरायचा नव्हे हं! जत तालुक्यातल्या एखाद्या कानडी बोलणाऱ्या मित्राला विचारा. कानडीत ‘कल्लु’ म्हणजे दगड. वीराचा दगड तो वीरगळ. गावासाठी, गाईगुरांसाठी किंवा राजासाठी लढताना जो पडला, त्याच्या आठवणीसाठी उभा केलेला.

वीरगळ बघायचे तर सातारा जिल्ह्यात वाई तालुक्यातल्या किकलीला जा. चंदन-वंदन या जोडकिल्ल्यांच्या परिसरातलं हे गाव. तिथं भैरवनाथाचं जुनं दगडी देऊळ आहे, यादवकाळातलं. बघा, आले की नाही यादव परत! देवळाच्या आवारात एक-दोन नव्हे, ओळीनं वीरगळ आहेत. मोठे शहाणे लोकही ‘जुने देव दिसतायत’ म्हणून नमस्कार करतात आणि पुढं जातात. तुम्ही तसं करू नका. तुम्ही ते वाचा. वाचायची युक्ती सोपी आहे.

वीरगळ वाचायचा खालून वर, जिना चढल्यासारखा. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई असते. ढाल-तलवारीची माणसं, कधी घोडा. गाई कोरलेल्या दिसल्या, तर समजा की गावाची गुरं पळवायला आलेल्यांशी तो लढला. एखादा आडवा पडलेला दिसला तर तोच आपला वीर. त्याच्या वरच्या चौकटीत त्याच्या दोन्ही बाजूंना अप्सरा असतात. त्या त्याला स्वर्गात घेऊन चालल्यात. त्याच्याही वर तो हात जोडून शिवलिंगापाशी बसलेला दिसतो, म्हणजे कैलासाला पोचला. आणि अगदी माथ्यावर कलश, चंद्र आणि सूर्य. त्याचा अर्थ, आकाशात चंद्र-सूर्य आहेत तोवर याचं नाव राहो.

कधी कधी शेजारी दुसरा एक दगड असतो. त्यावर कोपरात वाकलेला हात कोरलेला, हातात बांगड्या. ती सतीशिळा. नवऱ्याच्या मागं चितेवर गेलेल्या बाईची ती खूण. ही चाल क्रूर होती आणि ती कायद्यानं बंद झाली, हे चांगलंच झालं. पण तो दगड झाकून ठेवायचा नाही, की नव्यानं पुजायचाही नाही. तोही वाचायचा, कारण त्या बाईची दुसरी काहीच खूण राहिलेली नाही.

बहुतेक वीरगळांवर नाव कोरलेलं नसतं. म्हणजे नाव राहो म्हणून चंद्र-सूर्य कोरले, आणि नावच राहिलं नाही! पण कुणीतरी गावासाठी उभा राहिला, एवढं त्या दगडानं आपल्यापर्यंत पोचवलं. खेळात स्टेलीपाशी गेल्यावर खेळाडूला बळ मिळतं ना? मला वाटतं, बनवणाऱ्यांना ते बरोबर कळलं होतं.

माहुलीचा कुत्रा, मिरजेचं गाणं

साताऱ्याहून पूर्वेला जवळच कृष्णा आणि वेण्णा या नद्यांचा संगम आहे. तिथं संगम माहुली आणि क्षेत्र माहुली ही गावं. पेशव्यांनाही न भिणारे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे माहुलीचेच. साताऱ्याच्या राजघराण्याचे अंत्यविधी इथं व्हायचे, म्हणून इथं समाध्या आहेत. छत्रपती शाहू महाराज १७४९ साली वारले, ताराबाई १७६१ साली. दोघांच्याही समाध्या माहुलीला. शाहू महाराजांच्या आई महाराणी येसूबाई रायगड पडल्यावर मोगलांच्या कैदेत गेल्या आणि जवळजवळ तीस वर्षांनी, १७१९ मध्ये सुटून आल्या. त्यांचीही समाधी इथलीच. पण ती नेमकी कोणती, हे लोकांच्या विस्मरणात गेलं होतं. साताऱ्याच्या अभ्यासकांनी जुन्या कागदपत्रांचा माग काढून ती ओळखली. पाहा, कुदळ नाही, पहार नाही. कागद वाचून समाधी सापडली!

याच माहुलीला एका कुत्र्याचीही समाधी आहे. शाहू महाराजांचा हा लाडका कुत्रा, खंड्या. शिकारीच्या वेळी त्यानं वाघापासून महाराजांचा जीव वाचवला, अशी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्याला पालखीचा मान होता, असंही सांगतात. समाधीवर दगडी कुत्रा बसवलेला आहे. अगामेम्नॉनच्या थडग्यापुढं ही समाधी केवढीशी! पण एका राजानं कुत्र्याचे उपकार दगडात लिहून ठेवले, हे काय कमी आहे?

ग्रीक राजांच्या थडग्यात आणि माहुलीच्या समाधीत एक मोठा फरक लक्षात घ्या. ग्रीक लोक राजाबरोबर भांडी, दागिने, शस्त्रं ठेवत. आपल्याकडं दहन होतं. समाधी बांधायची ती आठवणीसाठी. वर शिवलिंग, नाहीतर पादुका, नाहीतर छोटी घुमटी. म्हणजे खाली खणून सोनं मिळेल म्हणणारा माणूस मुळातच चुकतोय.

आता कृष्णेच्या काठाकाठानं खाली सांगली जिल्ह्यात या. मिरजेला ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांचा दर्गा आहे. दर्गा म्हणजे सत्पुरुषाची कबर. किराणा घराण्याचे थोर गवई उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि १९३७ साली वारले, तेव्हा त्यांना याच दर्ग्याच्या आवारात विसावा मिळाला. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी. दरवर्षी उरुसाच्या वेळी खाँसाहेबांच्या आठवणीत तिथं गवई येऊन गातात. मिरजेची सतार आणि तंबोरा देशभर नावाजलेले. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. इथल्या कबरीजवळ फोडायला भिंत नाही, उघडायला पेटारा नाही. बसायचं आणि ऐकायचं. जे मिळतं ते घरी नेता येतं, आणि तरी तिथलं काही कमी होत नाही!

गुप्तधनाचं खूळ

हे सगळं तुम्हांला आज का सांगतोय? कारण किकलीसारखी गावं सोडली, तर पुष्कळ ठिकाणी वीरगळांचे हाल आहेत. कुठं त्यावर कपडे धुतात, कुठं तो ओढ्यावर पायरी म्हणून टाकलाय. कुठं प्रेमानं, भक्तीनं त्याला ऑइलपेंट फासलाय. रंगाच्या थराखाली अप्सरेचे डोळे आणि गाईची शिंगं बुजून गेली. रस्ता रुंद करताना एखादा खडीत जातो. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे गुप्तधनाच्या नादानं रात्री खणणारे. ‘दगडावर चंद्र-सूर्य आहेत, म्हणजे खाली हंडा आहे’ अशी कुणीतरी अफवा उठवतं, आणि सातशे वर्षं उभा असलेला दगड एका रात्रीत उलथा होतो. हंडा काही निघत नाही. निघणार कुठून? चंद्र-सूर्याचा अर्थ काय ते आता तुम्हांला माहीत आहे. तो अर्थ त्या खणणाऱ्याला कुणी शाळेत असताना सांगितला असता, तर?

कायदाही ऐकून ठेवा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवलंच पाहिजे, असा कायदा १८७८ पासून आहे. आणि गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. हा कायदा व्हावा म्हणून साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं खटपट केली. त्या वर्षीच्या २० ऑगस्टला त्यांचा खून झाला, आणि त्यानंतर कायदा आला. तेव्हा ‘खजिना’ हा शब्द खेळात कितीही मजेचा वाटला, तरी खऱ्या जगात त्यापायी दगड फुटतात आणि माणसंही फसतात.

आई-बाबांसाठी दोन शब्द

‘ओडिसी’ हा मूळ खेळ मोठ्यांसाठीचा आहे. त्यात मारामारी आणि रक्तपात आहे. युरोपात त्यावर १८ वर्षांवरील अशी खूण असते. पण याच ग्रीसची ‘डिस्कव्हरी टूर’ नावाची आवृत्ती २०१९ साली निघाली. त्यात लढाई काढून टाकली आहे. नुसतं हिंडायचं, बघायचं आणि माहिती ऐकायची. मुलांना ग्रीस दाखवायचंच असेल, तर ती बरी. शेजारी बसा. “हे खरं असेल का रे?” एवढा एक प्रश्न अधूनमधून विचारा. आणि एखाद्या रविवारी डबा घेऊन माहुलीला किंवा किकलीला जा. तिथं जायला ना कॉम्प्युटर लागतो, ना गेमची डिस्क.

आता तुमची पाळी

एक वही करा. तुमच्या गावात, मामाच्या गावात, देवळापाशी, वेशीपाशी, तळ्याकाठी वीरगळ आहे का, शोधा. सापडला की या पाच गोष्टी करा.

एक, तो कुठं उभा आहे ते लिहा: कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूला, तोंड कोणत्या दिशेला.

दोन, टेपनं उंची आणि रुंदी मोजा.

तीन, चौकटी किती ते मोजा आणि खालून वर एकेका चौकटीचं चित्र काढा. जे दिसतं तेच काढा. जे झिजलंय तिथं मोकळी जागा सोडा.

चार, फोटो काढा. सकाळी किंवा संध्याकाळी, कारण ऊन तिरपं पडलं की कोरीवकाम उठून दिसतं. खडू फिरवू नका, पाणी ओतून घासू नका, आपलं नाव तर मुळीच कोरू नका.

पाच, गावातल्या आजी-आजोबांना विचारा, “याला काय म्हणतात?” एखाद्या गावात त्या अनामिक वीराचं नाव कुणाच्या तरी तोंडी अजून असेलही!

वीरगळ पडलेला, फुटलेला किंवा रस्त्याच्या कामात येणारा दिसला, तर स्वतः उचलायला जाऊ नका. तुमच्या सरांना किंवा बाईंना सांगा, सरपंचांना सांगा. राज्याच्या पुरातत्त्व खात्याला शाळेकडून पत्र लिहिता येतं. सोबत तुमच्या वहीतली नोंद जोडा. बघा, तुमचा पंचनामा किती कामाला येतो ते.

आणि ज्यांना मोठेपणी गेम बनवायचे आहेत, त्यांच्यासाठी एक कोडं. युबीसॉफ्टनं २००८ साली पुण्यातही स्टुडिओ सुरू केला, तेव्हा हे काम काही आकाशातलं नाही. समजा, तुम्हांला किकलीवर खेळ बनवायचाय. त्यात भिंत फोडली की गुण कमी होतात आणि चौकट वाचली की गुण वाढतात. वस्तू उचलली की तिची गोष्ट बंद पडते, आणि जागच्या जागी ठेवून नोंद केली की पुढचं दार उघडतं. असा खेळ रंजक करून दाखवता येईल? पहिली पातळी कागदावर मांडा आणि आमच्याकडं पाठवा. चित्र जमलं नाही तरी चालेल, पण वीरगळ मात्र खरा, तुम्ही स्वतः पाहिलेला हवा!